याजक कोणासाठी?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या हिंगोलीतल्या एका छोट्या साप्ताहिकाचं प्रूफ माझ्या टेबलावर होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हे काम मी आवडीनं करतो. नाताळची बातमी होती, दीडशे शब्दांची. मथळ्यात 'पाद्री', पहिल्या ओळीत 'धर्मगुरू', फोटोखाली 'फादर' आणि शेवटी 'पुरोहितांनी सर्वांना आशीर्वाद दिले'. टाइप करणारा मुलगा माझ्या मागे उभा होता. म्हणाला, "सर, हे चौघं जण आले व्हते का एकच हाये?"

एकच. पण त्याचा प्रश्न खोटा नव्हता. हे चार शब्द चार वेगवेगळ्या वाटांनी मराठीत आले, आणि प्रत्येकाला त्या माणसात वेगळं काहीतरी दिसलं. एकाला बाप दिसला, एकाला शिक्षक, एकाला पुढे उभा राहणारा. वेदीपाशी उभा राहून तो नेमकं काय करतो हे सांगणारा पाचवा शब्दही मराठीत आहे, आणि तो आमच्या बातमीत नव्हता. त्या संध्याकाळपासून मी याच शब्दांच्या मागे लागलो आहे.

'पाद्री'पासून निघू. हा पोर्तुगीजांचा 'पाद्रे'. पगार, पाव, चावी, साबण, बादली, घमेलं ज्या गलबतांतून आले त्याच गलबतांतून तोही किनाऱ्यावर उतरला. मूळ लॅटिन 'पातेर', म्हणजे बाप. पोर्तुगीजमध्ये एक मौज झाली. घरातल्या बापासाठी तोच शब्द झिजून 'पाय' झाला आणि चर्चमधल्या बापासाठी 'पाद्रे' हे जुनं, भारदस्त रूप टिकून राहिलं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत दोन्ही गेले. तिथे पोर वडलांना 'पाय' म्हणतं आणि चर्चच्या मुख्य धर्मगुरूंना 'पाद विगार'. एकाच शब्दाची दोन लेकरं, एक घरात, एक देवळात.

'विगार'कडे जरा थांबून बघावं. हा लॅटिन 'विकारियुस', म्हणजे दुसऱ्याच्या जागी उभा असलेला. आपण बदली शिक्षक म्हणतो ना, तसा. पाद विगार चर्चचा मालक नव्हे, बिशपच्या वतीनं त्या गावात नेमलेला माणूस. पुढे जे सांगायचं आहे त्याचं बी याच शब्दात आहे.

'फादर' इंग्रजांबरोबर आला. 'पाद्री' आणि 'फादर' दिसायला परके, पण दोघंही आपल्या 'पितृ' शब्दाचे सख्खे चुलतभाऊ. संस्कृतातला आणि लॅटिनमधला शब्दारंभीचा 'प' इंग्रजीच्या घराण्यात 'फ' होतो. पाद तिकडे फूट, पंच तिकडे फाइव्ह, आणि आमच्या जिल्ह्यातून वाहणारी पूर्णा ज्या 'पूर्ण'वरून नाव घेऊन आली तो पूर्ण तिकडे फुल. तसाच पितृ तिकडे फादर. म्हणजे भाद्रपदात आपण ज्यांना जेवू घालतो ते पितर, गोव्याहून आलेले पाद्री आणि कॉन्व्हेंटातले फादर हा एकच शब्द आहे. तीन दारांनी आत आला, म्हणून ओळखू येत नाही.

मराठवाड्यात मात्र जुन्या माणसांच्या तोंडी 'पाद्री' नाही, 'पादरी' आहे. हे उर्दूचं वळण. आमचा मुलूख निजामाचा. हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि ती फौज १९०३ साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळून गेली. कचेरीची भाषा उर्दू, त्यामुळे कोकणात पोर्तुगीजांकडून थेट मिळालेला शब्द इकडे उर्दूच्या हातून आला.

मराठी वाचकाला 'फादर' म्हटलं की दोन माणसं आठवतात. एक थॉमस स्टीफन्स. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, पुढचा बहुतेक जन्म सालसेतमध्ये राहिला आणि त्यानं मराठी ओवीत जवळपास अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहिलं. ते १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. पाठ्यपुस्तकं त्याला 'फादर स्टीफन्स' म्हणतात, पण जिवंतपणी तो गोव्यात 'पाद्री' होता, तोमास इश्तेव्हांव. 'फादर' ही उपाधी मराठीनं त्याला मागाहून चिकटवली.

दुसरे फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे, 'सुवार्ता'चे संपादक, 'सुबोध बायबल' मराठीत आणणारे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते. त्या जागी बसलेले ते पहिलेच ख्रिस्ती धर्मगुरू. आमच्या मराठवाड्यात हे घडलं याचा मला अभिमान आहे. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला तेव्हा विरोधाच्या मजकुरात 'पाद्री' शब्द जास्त दिसला आणि स्वागताच्या मजकुरात 'फादर'. अर्थ तोच, वास वेगळा. २५ जुलै २०२४ ला ते गेले तेव्हा मात्र सगळ्यांच्या तोंडी 'फादर दिब्रिटो' एवढंच होतं.

'पाद्री'ला हा वास कुठून लागला? मुळात तो आदराचा शब्द. पण एकोणिसाव्या शतकातला मराठी सुशिक्षित ज्या पाद्र्यांशी भांडला ते बहुतेक कॅथलिक नव्हतेच. स्कॉटिश, अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनरी होते. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी वाद घातले ते त्यांच्याशी. त्या धामधुमीत 'पाद्री' म्हणजे वाद घालणारा, पत्रकं वाटणारा, धर्म बदलायला सांगणारा असा अर्थ घट्ट झाला आणि जुना बाप शब्दातून निघून गेला. प्रॉटेस्टंट मंडळींत या माणसाला 'पाळक' म्हणतात, मेंढरं पाळणारा या अर्थी; नावाआधी 'रेव्हरंड' लावतात. रेव्हरंड टिळक आपल्याला ठाऊक आहेत. त्यांना कोणी फादर टिळक म्हणत नाही, ते बरोबरच आहे. पाळक आणि कॅथलिक फादर यांच्यातला फरक कपड्यांचा नाही, दीक्षेच्या कल्पनेचा आहे. त्याकडे येतोच.

'फादर' म्हणायला काही ख्रिस्ती मंडळींचाच आक्षेप असतो. मत्तयच्या शुभवर्तमानात, तेविसाव्या अध्यायात, येशू शिष्यांना सांगतो की पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका. कॅथलिक त्यावर पौलाकडे बोट दाखवतात. करिंथच्या मंडळीला तो लिहितो की शुभवर्तमानामुळे मी तुमचा बाप झालो. हा वाद जुना आहे. पण आपल्या कामाची गोष्ट अशी की त्याच ठिकाणी, पित्याच्या आधी, येशू 'रब्बी म्हणवून घेऊ नका' असंही म्हणतो. रब्बी म्हणजे गुरू. म्हणजे 'फादर' अडतो तिथे 'धर्मगुरू'ही अडतो. एकातून सुटण्यासाठी दुसऱ्याचा आसरा घेता येत नाही.

तरी बापाचा शब्द लोकांच्या जिभेवरून जात नाही, कारण तो वरून लादलेला नाही. पोप म्हणजे ग्रीक 'पाप्पास', बाबा. मठाधिपतीला युरोपात ॲबट म्हणतात, तो येशूच्या अरामी बोलीतला 'अब्बा'. आमच्या गल्लीतली मुसलमान मुलं वडलांना हाक मारतात त्याच शब्दाचा सोयरा. केरळात ख्रिस्ती लोक धर्मगुरूला 'अच्चन' म्हणतात, म्हणजे पुन्हा बापच. आणि मराठीनं काय केलं? अहिल्यानगर जिल्ह्यात पाणलोटाचं काम उभं करणारे स्विस जेझुइट हर्मन बाखर यांना लोक 'बाखर बाबा' म्हणत. डोंगरउतारावर समतल चर खणून पाणी कसं अडवायचं हे शिकवणारा माणूस. त्याला 'फादर' कोणी शिकवून म्हणायला लावलं असेल, पण 'बाबा' लोकांनी आपणहून दिलं.

आता 'धर्मगुरू'. मराठी कॅथलिकांचा हा अधिकृत, रुळलेला, सन्मानाचा शब्द. वसईपासून मराठवाड्यापर्यंत तोच. बिशप म्हणजे 'महागुरुस्वामी', धर्मगुरू होण्याचा संस्कार म्हणजे 'गुरुदीक्षा', चर्चची वस्ती म्हणजे 'धर्मग्राम', बिशपचा मुलूख म्हणजे 'धर्मप्रांत'. आपली हिंगोली औरंगाबाद धर्मप्रांतात येते. हा धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीतून वेगळा झाला. तेव्हा हिंगोली परभणीतलं तालुक्याचं गाव होतं. जिल्हा झाली १ मे १९९९ ला. हिंदी कॅथलिकांनी याच माणसाला 'पुरोहित' म्हटलं आणि त्याच संस्काराला 'पुरोहिताभिषेक'. मराठीनं गुरू निवडला. मराठी कानाला हा शब्द का आवडला असेल हे हिंगोलीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

हा जिल्हाच गुरुशोधाचा आहे. नरसीचे नामदेव गुरू शोधत औंढ्याला नागनाथाच्या देवळात गेले, ही कथा इथल्या पोराला पाळण्यात कळते. आत विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, म्हातारा झालो बाबा, जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलतात, ठेवतात, आणि जिथं ठेवावेत तिथं पिंड. त्याआधी गोरोबाकाकांनी थापटण्यानं एकेका संताच्या डोक्यावर थापटून बघितलं होतं, कुंभार मडकं बघतो तसं. नामदेव कळवळले, आणि हे मडकं कच्चं आहे असा निकाल लागला.

मराठीत 'गुरू' म्हटलं की हे सगळं त्याच्यामागे येतं. गुरू म्हणजे पक्कं मडकं. त्याला स्वतःला अनुभव आलेला असतो आणि त्याचा अधिकार त्या अनुभवात असतो. कच्चा गुरू हा शब्दच चालत नाही. आणि इथेच 'धर्मगुरू' हा शब्द कॅथलिक अर्थाला अपुरा पडतो असं मला वाटतं.

कारण कॅथलिक चर्चला हा प्रश्न सोळा-सतराशे वर्षांपूर्वीच पडला होता: दीक्षा दिलेला माणूस कच्चं मडकं निघाला तर? उत्तर आफ्रिकेत रोमन छळाच्या काळात काही बिशप आणि धर्मगुरू डगमगले, त्यांनी पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले. डोनाटिस्ट म्हणवणारा पंथ म्हणू लागला की अशांनी दिलेला बाप्तिस्मा, त्यांनी दिलेली दीक्षा बाद. भांडण शंभर वर्षं चाललं. ४११ साली कार्थेजला दोन्ही बाजूंचे बिशप शेकड्यांनी जमले आणि निकाल डोनाटिस्टांच्या विरुद्ध गेला. त्यांना उत्तर देणारा मोठा माणूस होता हिप्पोचा ऑगस्टीन. संस्कार त्या माणसाचा नाही, ख्रिस्ताचा आहे, असं तो म्हणे. दाखला त्यानं पाण्याचा दिला: दगडी पाटातून पाणी बागेत जातं, पाटात काही उगवत नाही, पण बाग पिकते.

हा दाखला वसमतच्या हळदवाल्याला लगेच पटेल. सिद्धेश्वर धरणाचा कालवा शेताच्या कडेनं जातो. कालव्याच्या अस्तरावर हळद येत नाही, शेतात येते. अस्तराला तडा गेला, त्यावर शेवाळ साचलं, म्हणून पाणी खोटं ठरत नाही. तडा बुजवायचा, शेवाळ काढायचं, हे मात्र केलंच पाहिजे. धर्मगुरूनं गुन्हा केला तर त्याला शिक्षा झालीच पाहिजे, आणि गेल्या काही दशकांत जगभर लहान मुलांवरच्या अत्याचारांची जी प्रकरणं बाहेर आली त्यांत चर्चनं ती शिक्षा देण्यात फार उशीर केला. ऑगस्टीनचं म्हणणं पाट साफ ठेवू नका असं नाही. भक्तानं विश्वासानं घेतलेला संस्कार पाटाच्या दोषानं वाया जात नाही, एवढंच आहे. विसोबांच्या अंगानं गुरू शोधणाऱ्या मराठी मनाला हे जड जातं, आणि ते जड जातं याचं एक कारण 'गुरू' हा शब्द आहे.

'पुरोहित' ब्राह्मणी म्हणून मराठी कॅथलिकांनी बहुधा टाळला, पण शब्द म्हणून तो फार सुंदर आहे. पुरस् म्हणजे पुढे, हित म्हणजे ठेवलेला. 'धा' धातूचं हे भूतकालवाचक रूप. पुरोहित म्हणजे पुढे ठेवलेला. तो आपणहून पुढे आलेला नाही, कोणीतरी त्याला पुढे ठेवलं आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत अग्नीला हा शब्द वापरला आहे. लॅटिनमध्ये याच माणसाला 'साकेर्दोस' म्हणतात. त्याचा पूर्वार्ध 'पवित्र', आणि उत्तरार्धात भाषाशास्त्रज्ञांना तोच धातू सापडतो, आपला 'धा'. पवित्र गोष्ट करणारा, पवित्र गोष्ट ठेवणारा. म्हणजे रोममधला साकेर्दोस आणि नांदापूरच्या वाड्यात सत्यनारायण सांगणारा पुरोहित एकाच धातूच्या पोटी जन्मले. मशिदीतला इमामही याच जातीचा शब्द: अरबीत 'अमाम' म्हणजे पुढे, इमाम म्हणजे नमाजात पुढे उभा राहणारा. दोन धर्म, आणि दोघांनाही वाटलं की या माणसाचं मुख्य लक्षण म्हणजे त्याची जागा.

इंग्रजी 'प्रीस्ट' या वाटेनं आलेला नाही. तो ग्रीक 'प्रेस्बिटेरोस'चा आखूड झालेला उच्चार, अर्थ फक्त 'वयानं मोठा'. मराठी बायबलात याला साधा, गावातला शब्द आहे: 'वडील'. मंडळीचे वडील नेमावेत असं पौल सांगतो. दुसरीकडे जेरुसलेमच्या मंदिरात बळी अर्पण करणारा वेगळा, ग्रीकमध्ये 'हिएरेउस'. त्याला मराठी बायबल 'याजक' म्हणतं. इंग्रजीत दोघांनाही प्रीस्टच. त्यामुळे इंग्रजीत वाद घालणाऱ्यांचा अर्धा वेळ हा गोंधळ निस्तरण्यात जातो. मराठीत तो गोंधळच नाही. वडील वेगळे, याजक वेगळे. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांचे हे आपल्यावर उपकार आहेत, आणि ते आपण कधी मानले नाहीत.

जाता जाता एक. दीक्षितांच्या वर्गाला लॅटिनमध्ये 'क्लेरिकुस' म्हणत. मध्ययुगीन युरोपात लिहिता-वाचता येणारा बहुतेक तोच, म्हणून लिहिणारा तो 'क्लार्क' झाला. सरकारी कचेरीत कागदासाठी ज्याच्या टेबलापुढे आपण उभे राहतो तो क्लार्क शब्दानं धर्मगुरूंचाच नातलग आहे.

आता 'याजक'. मी ज्याच्यासाठी हे सगळं लिहितो आहे तो शब्द.

ब्राह्मणाची सहा कर्मं आपल्याला पाठ असतात: यजन, याजन, अध्ययन, अध्यापन, दान, प्रतिग्रह. यजन आणि याजन हे दोन शब्द वेगळे का सांगितले? कारण यजन म्हणजे स्वतःसाठी यज्ञ करणं आणि याजन म्हणजे दुसऱ्यासाठी यज्ञ करणं. याजन करतो तो याजक. हा फरक संस्कृत क्रियापदातच मुरलेला आहे. 'यज्' धातूला दोन रूपं. यजमान यज्ञ करतो तेव्हा 'यजते', आत्मनेपद, कारण फळ त्याचं स्वतःचं. ऋत्विज यज्ञ करतो तेव्हा 'यजति', परस्मैपद, कारण फळ दुसऱ्याचं. पाणिनीनं हे सूत्रात बांधून ठेवलं आहे. नावंच बघा: आत्मने, स्वतःसाठी, परस्मै, दुसऱ्यासाठी. 'यजमान' या शब्दातला 'मान' हा आत्मनेपदाचा प्रत्यय आहे. पंगतीला बोलावतो त्याला आपण आजही यजमान म्हणतो, आणि त्या शब्दाच्या शेपटीत अडीच हजार वर्षांपूर्वीचं 'स्वतःसाठी' बसलेलं आहे.

कॅथलिक दीक्षेचा अर्थ मला यापेक्षा नेमका कुठे सापडला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २१ नोव्हेंबर १९६४ ला चर्चविषयीचा आपला मोठा दस्तऐवज जाहीर केला. त्यात म्हटलं आहे की बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक माणूस ख्रिस्ताच्या याजकपणात सहभागी आहे. दीक्षित याजकाचा वाटा मात्र वेगळ्या प्रकारचा आहे, नुसता जास्त-कमी नव्हे, आणि तो इतरांच्या याजकपणाच्या सेवेसाठी आहे. संस्कृतात सांगायचं तर मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या वेदीवरच्या उपासनेला, जमलेले सगळे यजमान, समोर उभा तो याजक. मिस्सा चालू असताना तो लोकांकडे वळून प्रार्थना करायला सांगतो तेव्हा बलिदान माझं आणि तुमचं आहे असे दोन भाग करून म्हणतो. ते दोन भाग म्हणजे यजति आणि यजते.

गुरुदीक्षेचा विधी मी एकदा शेवटच्या बाकावर बसून पाहिला आहे. दीक्षा घेणारा तरुण पांढऱ्या झग्यात जमिनीवर पालथा झोपतो, कपाळ हातांवर, आणि सगळं चर्च संतांची नामावळी म्हणतं. बराच वेळ तो तसाच पडून असतो. मग उठून बिशपपुढे गुडघे टेकतो. बिशप दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवतो आणि काहीही बोलत नाही. चर्चमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. त्यानंतर तिथे असलेले सगळे धर्मगुरू एकेक करून येतात आणि तसेच मुकाट्यानं हात ठेवून जातात. पाठोपाठ बिशपची प्रार्थना. त्यानंतर तेलाचा अभिषेक, आणि तो डोक्याला नाही, तळहातांना. बिशपनं पवित्र आठवड्यात आशीर्वादित केलेलं सुगंधी तेल तळव्यांवर चोळतात. शेवटी त्या तेलकट हातांत भाकर आणि द्राक्षारस असलेली ताटली आणि प्याला देतात. काही ठिकाणी हात पुसलेलं ते फडकं आईला देण्याची रीत आहे. ती जपून ठेवते आणि तिच्याबरोबर ते पुरतात.

'अभिषेक' शब्द औंढ्यात रोज ऐकू येतो, पिंडीवर पाण्याची धार धरली जाते तेव्हा. अभि आणि सिच्, वरून शिंपणं. ग्रीक 'ख्रिस्तोस'चा अर्थ तोच, अभिषिक्त. म्हणजे ज्याच्या हातांना तेल लागलं तो ख्रिस्ताच्या नावातच शिरला. आणि लागलं ते हातांना. हात माणूस स्वतःसाठीही वापरतो, पण द्यायला दुसरं काही लागत नाही.

एक गोष्ट मात्र माझं मत पक्कं करून गेली. दीक्षित याजक पापनिवेदन ऐकतो आणि क्षमेचे शब्द उच्चारतो. ते ऐकलेलं त्यानं मरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. फोडलं तर त्याला चर्चमधून बहिष्कृत करणारा कायदा आहे. पण हेच क्षमेचे शब्द तो स्वतःला उद्देशून म्हणू शकत नाही. त्याचं पाप त्याला दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून सांगावं लागतं. बिशपलाही, पोपलाही. मरणाच्या दारात रुग्णाला तेल लावणारा तोच, पण तो आजारी पडला की तेल लावायला दुसरा यावा लागतो. दूरच्या खेड्यात एकटाच असलेला फादर गावातल्या शंभर जणांना क्षमेचा शब्द देतो आणि स्वतःच्या क्षमेसाठी एसटीनं जिल्ह्याच्या गावी जातो. पाणिनीनं परस्मैपद म्हटलं ते हेच. या दोन कर्मांना आत्मनेपदी रूपच नाही.

'गुरू' शब्दात हे नाही, 'फादर'मध्ये नाही, 'पुरोहित'मध्ये अर्धं आहे. 'याजक'मध्ये पूर्ण आहे, आणि तो परका नाही, संस्कृतातून बायबलापर्यंत आपल्याच भाषेनं वाहून आणलेला आहे. लोक हाक मारताना 'याजकबाबा' म्हणणार नाहीत हे मला कळतं. हाकेला 'फादर'च बरा, त्यात बाप आहे. पण हा माणूस कोण हे समजून घ्यायचं असेल तर शब्द याजकच.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही, छपाईची वेळ झाली होती. बातमीत एवढंच केलं: मथळ्यातला 'पाद्री' काढून 'धर्मगुरू' घातलं, नावाआधी 'फादर' ठेवलं, आणि मिस्सेचं वर्णन होतं तिथे 'पुरोहितांनी'च्या जागी 'याजकांनी' लिहिलं. बातम्या लिहिणाऱ्या तालुक्या-तालुक्यांतल्या मित्रांना माझी हीच विनंती आहे. कॅथलिक असेल तर नावाआधी 'फादर', पदाला 'धर्मगुरू', वेदीपाशी 'याजक'. प्रॉटेस्टंट मंडळी असेल तर 'पाळक' किंवा 'रेव्हरंड'. आणि 'पाद्री' इतिहासाच्या लेखात वापरा, तिथे तो शोभतो. जिवंत माणसाच्या नावाला लावण्याआधी त्याला एकदा विचारा.